आठ नंबर कोणाच्या पायाचा?

जव्हारच्या एसटी स्टँडवर दहा मिनिटं उभं राहून फक्त लोकांच्या पायांकडे बघा. रबरी स्लिपर आहेत, प्लास्टिकचे सँडल आहेत, डोक्यावर मोळी घेतलेल्या एखाद्या आजीचे अनवाणी पायही आहेत. पण कॉलेजला निघालेल्या पोरापोरींच्या पायांत आता पांढरे स्नीकर्स असतात. मोखाड्यात तेच, खोडाळ्यात तेच. जरा बारकाईनं पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. बऱ्याच जोड्यांची टाच मागून चेपलेली असते, नाडी अर्धी सोडलेली असते आणि पोरगा तो बूट चपलेसारखा ओढत चालत असतो. मोठी माणसं म्हणतात, हल्लीची फॅशन. मला तसं वाटत नाही. त्यातले निम्मे तरी बूट चुकीच्या मापाचे आहेत, आणि पायानं आपली सुटका आपणच करून घेतली आहे.

या विषयावर लिहिणार म्हटल्यावर एका मित्रानं विचारलं, "कुपोषण, पाणी, रोजगार एवढे प्रश्न असताना तुला बुटाचा नंबर सुचला?" प्रश्न वाजवी आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होता. बाजारातला बऱ्यापैकी स्नीकर बाराशेला मिळतो. म्हणजे एक जोडा म्हणजे जवळपास 4 दिवसांचं खोदकाम. मुंबईतल्या पोराचा नंबर चुकला तर तो मोबाइलवर बोट दाबून जोडा परत पाठवतो, दोन दिवसांत माणूस दारात येऊन घेऊन जातो. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरच्या पोराचं पार्सल आधी तालुक्याला येतं, मग तो जीप पकडून ते घ्यायला येतो. परत करायचं तर पुन्हा जीप, पुन्हा एक दिवस. तो परत करत नाही. टाच चेपतो आणि वापरतो. ज्याला चूक सर्वांत महाग पडते त्याच्याकडेच ती टाळायची साधनं सर्वांत कमी, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही.

दुसरा टोमणा असतो, तो आमच्या मोहल्ल्यातही ऐकू येतो आणि बाहेरही. "खायची मारामार आणि बूट बाराशेचे!" फिजूलखर्चीवर दोन शब्द सुनावले जातात. मला विचाराल तर, ज्याला एकच जोडा परवडतो त्याचा तोच जोडा कॉलेजला असतो, तोच लग्नाला, तोच भिवंडी-वाड्याच्या कंपनीत मुलाखतीला. असा एक जोडा नीट मापाचा घेऊन तीन वर्षं वापरला तर त्यात उधळपट्टी कसली? चुकीच्या मापाचे दोन घेतले, ती उधळपट्टी. आणि पांढरा स्नीकर घालावासा वाटणं हा काही शहरातल्या पोरांचाच हक्क नाही. लोकांच्या पायाकडे बघून त्यांची पायरी ठरवायची सवय आपल्या समाजात फार जुनी आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावातून चप्पल हातात घेऊन चालावं लागलं, त्यांना हे समजावून सांगायला नको.

तर आता नंबराकडे वळू.

आमच्या मामूंचं जव्हारला चपला-बुटांचं दुकान आहे. ईद आणि दिवाळीच्या हंगामात मी तिथे हात द्यायला बसतो. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "आठ नंबर द्या." विचारलं, आठच का? तर मागच्या वेळी आठ होता. मागचा कसा बसत होता? "थोडा चावत होता, पण मग सैल झाला." बहुतेकांना आपला नंबर असाच माहीत असतो: मागच्या बुटावरून. मागचा चुकला असेल तर चूक पुढे चालत राहते, वारशासारखी.

हा आठ आला कुठून? इंग्रजांच्या पद्धतीत एक नंबर म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, इंचाचा तिसरा भाग, साधारण साडेआठ मिलिमीटर. आपल्याकडेही जुन्या मापांत आठ यवांचं एक अंगुल धरत, तेव्हा दाण्यानं मोजण्याला हसायचं कारण नाही. युरोपचा नंबर वेगळा. तिथे एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, म्हणून त्यांचा आकडा चाळीस-बेचाळीस होतो. अमेरिकेचा आणखी तिसराच. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला जे बारीक लेबल असतं, त्यावर हे सगळे आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. नायकीच्या पुरुषांच्या बुटावर यूके 8 असेल तर यूएस 9 आणि 27 सेंटिमीटर लिहिलेलं असतं. आदिदासच्या यूके 8 वर यूएस साडेआठ आणि साडेसव्वीस सेंटिमीटर. म्हणजे आठ आणि आठ यांतच अर्ध्या सेंटिमीटरचा फरक. मग एका कंपनीचा आठ चांगला बसला म्हणून दुसऱ्या कंपनीचा आठ डोळे मिटून मागवणाऱ्याचं काय होणार?

त्यातही मोठ्या कंपनीचा अस्सल जोडा आपल्याकडे कितीजण घेतात? बाजारात चालते ती 'फर्स्ट कॉपी'. मुंबईत दोन टाकीजवळच्या दीड गल्लीत शुक्रवारी पहाटे बुटांचा जो बाजार भरतो, तसल्या ठिकाणांहून फिरत फिरत हा माल गावोगावच्या पथारीवर पोचतो. नकलेत लेबल हुबेहूब उतरतं. फर्मा उतरत नाही. ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या पायावर चढवून बूट शिवतात तो फर्मा. बुटाचं खरं माप त्याच्यात असतं, लेबलात नाही. कुर्ल्याच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतला कोणताही कारागीर हे सांगेल. दोन कारखान्यांचे फर्मे वेगळे, तर त्यांचे आठही वेगळे.

इथपर्यंत फक्त लांबीची गोष्ट झाली. खरी गोम पुढे आहे. नंबर लांबी सांगतो, रुंदीबद्दल अवाक्षर काढत नाही. विलायतेत आणि अमेरिकेत काही कंपन्या रुंदीसाठी वेगळी अक्षरं छापतात, एकाच लांबीत अरुंद, मध्यम, रुंद असे बूट ठेवतात. आपल्या बाजारात एक नंबर म्हणजे एकच रुंदी. ती कोणाच्या पायावरून ठरली? तुमच्या-माझ्या नाही.

आणि इथला पाय रुंद आहे. जव्हार-मोखाड्यातला वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी माणूस लहानपणी अनवाणी वाढतो. पावसाळ्यात भाताच्या आवणीला चिखलात उभं राहायचं तर बोटं पसरून जमीन धरावी लागते. उन्हाळ्यात पाण्याचे हंडे घेऊन दरीतून वर चढायचं तर अंगठ्यावर जोर येतो. असा पाय चवड्यापाशी पंख्यासारखा उघडतो. मस्जिदीत वजू करून लोक पुढे जातात तेव्हा फरशीवर उमटलेले ओले पाय मी कितीदा पाहिलेत. लहानपणापासून बूट घातलेल्याचा ठसा पुढे निमुळता, करंगळी आत दुमडलेली. शेतात वाढलेल्याच्या पाचही बोटांचे ठसे सुटे, मोकळे. माणसाची सगळी हकिगत त्या ओल्या ठशात वाचता येते, नमाज सुरू होईतो तो वाळून जातो ही गोष्ट वेगळी.

हे काही माझं निव्वळ निरीक्षण नाही. 2009 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी दक्षिण भारतात आयुष्यभर अनवाणी चालणाऱ्यांचे पाय मोजले आणि ते बूट घालणाऱ्या भारतीयांच्या व पाश्चात्त्यांच्या पायांशी ताडून पाहिले. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय पुढे रुंद निघाले, आणि चालताना त्यांच्या तळव्यावर येणारा भार अधिक सारखा पसरलेला होता. त्याआधी 1992 मध्ये मणिपालच्या दोन डॉक्टरांनी 2300 मुलं तपासली होती. लहानपणी बूट घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण 8.6 टक्के, न घालणाऱ्यांत 2.8 टक्के. म्हणजे ज्या पायाला आपण 'खेडवळ', 'पसरट' म्हणून हसतो, तो पाय निरोगी आहे. चूक बुटाची आहे. दुकानात पोरी लाजून म्हणतात, "माझे पाय फार रुंद आहेत." बाई, पाय बरोबर आहेत, फर्मा अरुंद आहे.

सरकारी पातळीवरही आता हे मान्य झालं आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशातल्या 79 ठिकाणी 1 लाखाहून जास्त लोकांचे पाय त्रिमिती स्कॅनरनं मोजले. निष्कर्ष असा की भारतीय पाय साधारणपणे युरोपी-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात. त्यामुळे लोक रुंदी मिळवण्यासाठी गरजेपेक्षा लांब जोडा घेतात, मग पाय आत हलतो म्हणून पुरुष नाड्या करकचून बांधतात. मुलींच्या पायाची वाढ साधारण 11 व्या वर्षी आणि मुलांची 15-16 व्या वर्षी कळसाला पोचते, हेही त्यात दिसलं. या पाहणीवरून भारताची स्वतःची माप-पद्धत सुचवली गेली, नाव 'भा', भारतातला भा. तान्ह्यापासून प्रौढ पुरुषांपर्यंत आठ गट. 2025 पासून ती अमलात येईल असं तेव्हा जाहीर झालं होतं. मामूंच्या दुकानातल्या खोक्यांवर अजून यूके आहे.

'भा'चं मी स्वागत करतो, पण एक शंका मांडून ठेवतो. उद्या नव्या फर्म्यावर बूट निघाले, तरी सगळ्या देशाची सरासरी रुंदी एकच धरली तर सुरगाण्याचा आणि जव्हारचा डोंगरातला पाय पुन्हा बाहेरच राहील.  देशाच्या आतही फरक असू शकतात. प्रत्येक लांबीत निदान दोन रुंद्या द्या, एवढीच मागणी आहे. कारखानदार म्हणतील साठा वाढतो. वाढतोच. पण आज तो तोटा गिऱ्हाइकाची करंगळी भरते आहे.

दुकानदारांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मामू मला दुकानात बसू देणार नाहीत. ठोक बाजारात माल सुटा मिळत नाही, सेटमध्ये मिळतो. 'सहा-दहाचा सेट' म्हणजे सहा ते दहा नंबर, त्यात मधल्या नंबरांचे जोड जास्त. अर्धे नंबर तालुक्याच्या गावापर्यंत येतच नाहीत. आठ संपले की दुकानदाराकडे सात आणि नऊ उरतात, आणि गिऱ्हाईक तीस किलोमीटरवरून आलेलं असतं. मग सुरू होतं, "घालून घालून सैल होईल" किंवा "आत एक सोल टाका, बरोबर बसेल". पहिलं वाक्य चामड्याच्या बाबतीत थोडं खरं आहे. कोल्हापुरी वहाण पायाचा आकार घेते. पण बाराशेचा स्नीकर बहुधा रेक्झिनचा, वर कोटिंग, खाली जाड रबर. तो सैल होत नाही, फाटतो. तेही करंगळीपाशीच. दुसरं वाक्य लांबीचा थोडा फरक झाकतं, पण जाड सोल टाकला की पाय वर उचलला जातो आणि टाच बाहेर येते.

मग माप घ्यायचं कसं? पाड्यावरच्या आया ज्या पद्धतीनं घेतात, तिथूनच सुरुवात करू. आई बाजाराला एकटी येते, पोरगा घरी गुरं बघत असतो. ती कनवटीतून बांबूची एक काडी काढते, पोराच्या पायाएवढी तोडलेली. काही जणी सुतळी आणतात. काउंटरवर बसलेले शहरी पाहुणे हसतात, पण ती काडी दुकानातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा खरी आहे. तिच्यात यूके नाही, यूएस नाही, फक्त त्या पोराचा पाय आहे. परदेशात लष्करी बुटांसाठी आणि बर्फावरच्या बुटांसाठी जी मिलिमीटरची पद्धत वापरतात, तीही याहून वेगळं काही करत नाही: पायाची लांबी मोजा आणि तीच लिहा. काडीत उणीव एकच, तिला रुंदी कळत नाही. म्हणून मी त्या बायांना सांगतो, मावशी, दोन काड्या आणा. एक टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत. हे सर्वांत लांब बोट नेहमी अंगठाच नसतो, पुष्कळांचं दुसरं बोट पुढे असतं. दुसरी काडी आडवी, अंगठ्याच्या मुळाशी जिथे हाड बाहेर येतं तिथपासून करंगळीच्या मुळापर्यंत.

घरी कागद असेल तर आणखी सोपं. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, बसून नाही, कारण अंगाचा भार पडला की पाय पसरतो. पेन्सिल सरळ धरून कड काढायची. दोन्ही पायांची काढायची, कारण दोन पाय क्वचितच सारखे असतात, आणि मोठ्या पायाचं माप धरायचं. संध्याकाळी मोजावं. दिवसभर चालून पाय थोडा सुजतो, आणि आपल्याकडे चालणं किती होतं ते सांगायला नको. जे मोजे घालणार तेच घालून मोजावं. लांबी आली की तिच्यात एक सेंटिमीटर मिळवायचा, तेवढी बुटाच्या आत जागा हवी. म्हणजे उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा. वाढत्या वयाच्या पोराला याहून थोडी जास्त चालेल. पण आमच्याकडे ईदच्या आधी वाढत्या पायाचा म्हणून थेट दोन नंबर मोठा जोडा घेतात, आणि पुढच्या ईदला तो बसेल तोवर त्याचा तळ गेलेला असतो. पोरगा वर्षभर फरफटत चालतो आणि जोडा त्याच्या पायाला कधीच धड बसत नाही.

ऑनलाइन मागवणाऱ्यांनी नंबर विसरून सेंटिमीटरचा रकाना शोधावा. त्यातही एक अडचण आहे. काही कंपन्या तिथे पायाची लांबी देतात, काही आतल्या सोलाची. वर 'फूट लेंथ' लिहिलं असेल तर आपल्या कागदावरचा आकडा तसाच जुळवा, सोलाची लांबी असेल तर एक सेंटिमीटर मिळवून जुळवा. रुंदीसाठी मॉडेलची जात ओळखावी लागते. आज ज्यांना लाइफस्टाइल स्नीकर म्हणतात त्यातले बरेचसे जुने खेळाचे बूट आहेत. कॉन्व्हर्सचा चक टेलर, आदिदासचा 1969 चा सुपरस्टार, नायकीचा 1982 चा एअर फोर्स वन, हे सगळे बास्केटबॉलच्या मैदानावरून निवृत्त होऊन रस्त्यावर आले. त्यांची नक्कलच आपल्या बाजारात सर्वाधिक खपते. चक टेलरच्या जातीचा बूट लांबीला मोठा आणि रुंदीला अरुंद, असा सर्वसाधारण अनुभव आहे, म्हणजे आपल्या पायाच्या नेमका उलट. कापडी असल्यामुळे तो थोडा तरी ताणतो. पुढे गोल, रुंद नाक असलेला जाड बूट आपल्याला जास्त सोयीचा. नाडीचा बूट घ्यावा, सरळ पाय घालायचा नको, कारण नाडीवर थोडंफार सैल-घट्ट करता येतं. मुलींसाठीचे फर्मे सहसा अधिक अरुंद असतात. रंग आवडला तर पोरींनी खुशाल मुलांच्या रॅकमधला बूट घालून पाहावा, कोणी पोलिसात देत नाही.

दुकानात करायची एक परीक्षा सांगतो, तिला पैसे पडत नाहीत. बुटातला आतला सोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. करंगळी सोलाबाहेर जमिनीला टेकली, तर तो बूट तुमचा नाही, मग नंबर काहीही असो. पुढे अंगठ्याएवढी जागा राहिली, बाजूला पाय सोलावर मावला, तर बूट घालून दुकानाबाहेर उतारावर चाला. जव्हारात उतार शोधावा लागत नाही. उतरताना बोटं पुढे आदळली तर लहान, चढताना टाच सुटली तर मोठा. पहिल्यांदा मी गिऱ्हाइकांना सोल काढायला सांगितलं तेव्हा मामूंना ते फारसं रुचलं नाही. पण बदलून द्या म्हणून येणारे कमी झाल्यावर आता तेच आधी सोल काढून देतात.

आणखी एक गोष्ट इथल्या पोरांसाठी मुद्दाम. पहाटे जव्हार-मोखाडा रस्त्यावर भरतीची तयारी करणारी मुलं-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीत पुरुषांना 1600 मीटर, महिलांना 800 मीटर. त्यातली कितीतरी जण कॉलेजचाच सपाट, जड स्नीकर घालून डांबरावर धावतात. लाइफस्टाइल स्नीकर धावण्यासाठी नसतो. तळ जड, टाचेला उशी जेमतेम. तो साइजलाही घट्ट असेल तर आठवडाभरात अंगठ्याचं नख काळं पडतं, महिन्याभरात कुरूप होतं, आणि भरतीच्या दिवशी पोरगा लंगडतो. पैसे एकाच जोड्याचे असतील तर धावण्याचा घ्या आणि तोच कॉलेजला घाला. उलटं करू नका. धावताना पाय पुढे सरकतो, त्यामुळे धावण्याच्या बुटात बोटापुढची जागा जरा जास्तच हवी.

आता शाळांकडे येतो, कारण मापाची गोष्ट तिथे सुरू व्हायला हवी. 2023 मध्ये राज्य सरकारनं सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशाबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोडी पायमोजे द्यायचं ठरवलं. दर विद्यार्थ्यामागे 170 रुपये. 170 रुपयांत काय बूट येतो यावर वेगळा लेख होईल, तो राहू द्या. माझा प्रश्न मापाचा आहे. बुटाची ऑर्डर देताना इयत्ता बघतात, पाय बघत नाहीत. तिसरीचा वर्ग म्हणजे अमुक नंबर. इथल्या तिसरीच्या वर्गात एक पोर सात वर्षांचं असतं आणि एक दहाचं, कारण दहावालं पोर दोन वर्षं आईबापांबरोबर वीटभट्टीवर होतं. दिवाळीनंतर कुटुंबं वसई-भिवंडीकडे भट्टीवर जातात, उन्हाळ्यात परततात. जून-जुलैत मापलेला पाय परतेपर्यंत वाढलेला असतो आणि बूट गावच्या घरात आढ्याला टांगलेला असतो. मग दरवर्षी कोणीतरी साहेब म्हणतो, "यांना बूट दिले तरी घालत नाहीत." घालतील कसे? अरुंद फर्म्याचा, इयत्तेच्या नंबराचा, प्लास्टिकचा बूट भर पावसात रुंद पायावर चढवून बघा एकदा.

आरोग्य तपासणीत मुलांची उंची मोजतात, वजन मोजतात, दंडाचा घेर मोजतात. या तालुक्यांत तो घेर का मोजावा लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच रांगेत, त्याच पट्टीनं पायाची लांबी आणि चवड्याची रुंदी लिहायला एका मुलामागे अर्धा मिनिट लागेल. वर्षातून दोनदा: शाळा उघडताना आणि भट्टीवरून मुलं परतल्यावर. शाळा व्यवस्थापन समितीनं ऑर्डर त्या दोन आकड्यांवर द्यावी. तीन गावच्या शाळांनी मिळून दिली तर ठोकवालाही सेट फोडून देतो, मामूंना मी विचारून घेतलं आहे. मोठ्या मुलांच्या हातात आपल्या पायाचे दोन आकडे सेंटिमीटरमध्ये असले, तर पुढे मोबाइलवरून स्नीकर मागवताना तेच कामी येतील.

मामूंच्या दुकानात आम्ही सागाच्या फळीवर दोन पट्ट्या ठोकल्या आहेत, एक उभी, एक आडवी, शंभर रुपयांत सुतारानं करून दिली. पोरं उगाच येऊन तिच्यावर उभी राहतात, काही घेत नाहीत, आकडे तळहातावर पेनानं लिहून घेऊन जातात. मामू कुरकुरतात. फळी मात्र दाराशीच ठेवतात.